पहिलं १९११: घेण्याआधी, घेताना आणि रेंजवर

एखाद्या १९११ पिस्तुलाच्या (त्या साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेल्या घडणीच्या) डाव्या अंगावर, स्लाइड स्टॉपच्या, म्हणजे वरची सरकणारी स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या कळीच्या खाली, चंद्रकोरीसारखा बारीक ओरखडा दिसला की समजायचं, मालकाने पिस्तूल खोललं आणि परत जोडताना हात घसरला. माझ्या पिस्तुलावर तो आहे. घरी आणल्यावर दोन तासांच्या आत पाडलेला. तो कसा टाळायचा ते पुढे येईल. आधी एवढंच सांगतो की हे पिस्तूल घाईने घेणाऱ्याला, घाईने जोडणाऱ्याला आणि घाईने चाप ओढणाऱ्याला सारखंच पकडतं.

एकेरी मॅगझीनची, म्हणजे ज्यात गोळ्या एकावर एक सरळ रांगेत बसतात अशी जुनी नामांकित पिस्तुलं बरीच आहेत. स्विस सैन्याने १९४९ मध्ये घेतलेलं पी-२१० आहे, वॉल्थरचं पी-३८ आहे, हाताने लावायची सेफ्टीच नसलेलं टोकारेव्ह आहे. पण सुटे भाग, मॅगझिनं आणि दुरुस्ती जाणणारी माणसं सहज मिळतात ती १९११ ची. म्हणून हा लेख त्याच्यापुरता. तपासणीचा आणि सरावाचा बराचसा भाग बाकीच्यांनाही लागू पडतो.

कायद्याचं एकदाच सांगतो. परवाना, कॅलिबरवरची बंधनं, साठवण आणि वाहतूक यांचे नियम देशागणिक बदलतात. काही ठिकाणी .४५ आणि ९ मिमी ही दोन्ही कॅलिबर सामान्य नागरिकाला मिळतच नाहीत. कागद हातात येईपर्यंत दुकानात बयाणा देऊ नका.

आधी यंत्र ओळखून घ्या

जॉन ब्राउनिंगचं हे पिस्तूल अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलं. त्याआधीच्या चाचणीत ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. कोल्टचं पिस्तूल एकदाही अडलं नाही. १९८५ मध्ये त्याच्या जागी ९ मिमीचं बेरेटा आलं, तोवर ते सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं.

ही हकिगत सांगण्यामागे कारण आहे. ते पिस्तूल एका ठरावीक गोळीभोवती आखलेलं होतं: .४५ एसीपी, २३० ग्रेनची म्हणजे जवळपास १५ ग्रॅमची, गोल तोंडाची, पूर्ण धातूच्या आवरणाची. मॅगझीनचे ओठ, चेंबरकडे (नळीत गोळी बसते त्या जागेकडे) जाणारा उतार, पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा आकडा, सगळं त्या गोल तोंडाच्या हिशेबाने बसवलेलं. आज आपण त्यात सपाट तोंडाच्या, पोकळ तोंडाच्या, हलक्या, भारी अशा सगळ्या गोळ्या घालतो आणि अडलं की पिस्तुलाला शिव्या देतो.

आत काय होतं ते थोडक्यात. नळीच्या वरच्या बाजूला दोन कंगोरे असतात, ते स्लाइडच्या आतल्या खाचांत अडकलेले. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड मिळून थोडं मागे येतात. मग नळीखालची छोटी कडी फिरते, नळीची शेपटी खाली ओढते, कंगोरे सुटतात आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना एक्स्ट्रॅक्टर पुंगळी ओढून काढतो, इजेक्टरवर आपटून ती बाहेर उडते, घोडा चढतो. परतताना स्लाइड मॅगझीनमधली वरची गोळी पुढे ढकलते.

चाप इथे बिजागरीवर फिरत नाही, सरळ रेषेत मागे सरकतो. लोक या पिस्तुलाच्या प्रेमात पडतात ते बहुतेक या चापामुळे.

सेफ्ट्या दोन. एक मुठीच्या पाठीमागे, हाताच्या तळव्याने आपोआप दाबली जाणारी. दुसरी अंगठ्याची, डाव्या बाजूला, घोडा चढलेला असेल तरच वर जाणारी. घोडा अर्धवट चढवून ठेवायची खाच सेफ्टी म्हणून वापरायची नाही. घोडा निसटला तर त्याला अडवायला ती ठेवलेली आहे.

कोणतं घ्यावं

माझं मत साफ आहे: पहिलं १९११ पूर्ण आकाराचं, पूर्ण पोलादी आणि साधं असावं. नळी ५ इंच म्हणजे १२७ मिमी, रिकामं वजन १,१०० ग्रॅमच्या आसपास. सव्वाचार इंची कमांडर नळीचं पिस्तूलही चालेल. तीन-साडेतीन इंचीच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका. स्लाइड आखूड झाली की तिचा प्रवास कमी होतो, स्प्रिंग ताठ करावी लागते, आणि मॅगझीनला पुढची गोळी वर ढकलायला वेळ पुरत नाही. ही आखूड पिस्तुलं चालतात, पण त्यांची नाडी ओळखणाऱ्याच्या हातात. माझ्या ओळखीच्या एकाने खिशात मावतं म्हणून तेच आधी घेतलं. वर्षभरात त्याने नेमबाजीपेक्षा स्प्रिंगांचाच अभ्यास जास्त केला.

कॅलिबर .४५ की ९ मिमी, हा वाद रेंजवर रोज रंगतो. .४५ चा दाब कमी, ९ मिमीचा बराच जास्त, तरी जड गोळीमुळे हाताला बसणारा झटका .४५ चाच मोठा. तो टोचत नाही, ढकलतो. जड पोलादी १९११ मध्ये ९ मिमी अगदीच सौम्य वाटतं आणि सरावाच्या गोळ्याही सहसा स्वस्त पडतात. महिन्याला दोनशे गोळ्या झाडायचा विचार असेल तर ९ मिमी घ्या. फक्त एक लक्षात ठेवा. मुठीतली पोकळी .४५ साठी केलेली, आणि ९ मिमीची गोळी लांबीला सुमारे ३ मिमीने आखूड. ती जागा भरायला मॅगझीनच्या आत पट्टी किंवा घडी दिलेली असते. त्यामुळे ९ मिमीत मॅगझीन चांगलं असणं आणखी महत्त्वाचं.

सिरीज ७० आणि सिरीज ८० हे शब्द कानावर पडतीलच. १९८३ पासून कोल्टने सिरीज ८० मध्ये फायरिंग पिन अडवणारी वेगळी कळ घातली. चाप पूर्ण मागे आल्याशिवाय पिन पुढे जात नाही, पिस्तूल तोंडावर पडलं तरी. जुन्या पद्धतीत ती कळ नाही, म्हणून भाग कमी आणि चापाचं काम करायला सोपं. नव्या माणसाच्या बोटाला दोन्हींतला फरक कळत नाही. हातातलं चांगलं असेल ते घ्या.

मुठीच्या वर मागे आलेली रुंद शेपटी, म्हणजे बीव्हरटेल, असलेलं मिळालं तर जरूर घ्या. जुन्या घडणीत घोडा मागे येताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी चिमटतो. मांसल हाताच्या माणसाचं पन्नास गोळ्यांत रक्त निघतं. तीच गोष्ट नेम धरायच्या साइट्सची. १९११ सालची पुढची माशी इतकी बारीक होती की आजच्या डोळ्याला ती शोधावी लागते. ठळक माशी आणि मागे रुंद खाच बघा.

आणि जुनी, लष्करी पिस्तुलं? दुसऱ्या महायुद्धात टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडने आणि रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने ही पिस्तुलं बनवली. शिलाई मशीनवाल्या सिंगरने तर जेमतेम ५०० केली आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. पण पहिलं पिस्तूल म्हणून असलं काही घेऊ नका. त्यावर झाडलेली प्रत्येक गोळी आणि घासलेला प्रत्येक स्क्रू किंमत कमी करतो. पुन्हा पॉलिश केलंत तर संपलंच.

काउंटरवरची तपासणी

नवं असो की वापरलेलं, ही तपासणी करायचीच. दुकानदाराला आधी विचारा. चांगला दुकानदार हरकत घेत नाही, उलट खुश होतो. सुरुवात नेहमी एकाच कामाने: मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालून चाचपा. दुकानदाराने आत्ताच बघितलेलं असलं तरी. नळी सबंध वेळ मोकळ्या, सुरक्षित दिशेला.

पहिली चाचणी मुठीच्या सेफ्टीची. स्लाइड हाताने सावकाश पुढे न्या, घोडा चढलेला राहील. आता पिस्तूल अशा रीतीने धरा की तळवा मागच्या सेफ्टीला लागणार नाही, आणि चाप ओढा. घोडा पडता कामा नये.

दुसरी अंगठ्याच्या सेफ्टीची, आणि हिच्यात कान लागतो. घोडा चढवून सेफ्टी वर करा, मूठ नीट आवळा, चाप जोराने ओढा. घोडा पडणार नाही. चाप सोडा, सेफ्टी खाली करा, आणि आता घोडा अंगठ्याने केसभर मागे ओढून कानाजवळ धरा. काहीच आवाज आला नाही तर उत्तम. बारीकसा ‘टिक्’ आला तर सेफ्टी चालू असतानाही आतला सीअर (चढलेला घोडा अडवून धरणारा तुकडा) थोडा सरकला होता आणि आता तो जागेवर बसला. म्हणजे सेफ्टी नीट बसवलेली नाही. हे काम जाणकाराकडे द्यावं लागतं, तेव्हा किमतीत तसं बोला किंवा सोडून द्या.

तिसरी: चाप ओढून तसाच धरून ठेवा, स्लाइड पूर्ण मागे ओढून पुढे सोडा. घोडा वरच राहायला हवा. चाप सोडल्यावर ‘कट्’ असा आवाज येईल, मग परत ओढल्यावर घोडा पडेल. स्लाइड पुढे जाताना घोडा तिच्याबरोबर अर्ध्यापर्यंत घसरत आला तर पिस्तूल तिथेच ठेवून बाहेर पडा. असं पिस्तूल एका चापात दोन गोळ्या झाडू शकतं.

चौथी: स्लाइड पाऊण सेंटिमीटर मागे धरून चाप ओढा. घोडा पडला तर डिस्कनेक्टर, म्हणजे स्लाइड मागे असताना चापाचा संबंध तोडणारा भाग, गेलेला आहे.

मग नळी. पिस्तूल बंद स्थितीत असताना इजेक्शनच्या खिडकीतून नळीची पाठ दिसते. तिच्यावर अंगठा दाबा. ती खाली दबली, मऊ गादीसारखी वाटली, तर लॉकअप, म्हणजे नळी आणि स्लाइडची एकमेकांतली पकड, सैल आहे. इथे बरेच नवखे फसतात: पिस्तूल कानाजवळ हलवतात आणि स्लाइडचा खडखड आवाज आला की नाक मुरडतात. लष्करी १९११ खडखडायचंच, ते चिखलातही चालावं म्हणून. नेम लागतो तो नळी प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन बसते म्हणून. खडखडाट चालेल, दबणारी नळी नाही.

नळीत मागून उजेड टाकून पुढून बघा. आत कुठे काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली असते, कोणीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडलेली असते. फ्रेमवर, विशेषतः स्लाइड स्टॉपच्या भोकाभोवती आणि पुढच्या ओठाजवळ, बारीक चीर आहे का तेही बघा.

चाप पावणेदोन ते सव्वादोन किलोच्या दरम्यान असलेला पहिल्या पिस्तुलाला योग्य. वापरलेल्या पिस्तुलाचा चाप अगदी लोण्यासारखा हलका लागला तर आनंदून जाऊ नका. घरी कानस घेऊन बसलेल्या कुणाची तरी ती करामत असू शकते. स्क्रूंच्या खाचा चुरगळलेल्या आहेत का बघा. असतील तर कानसही फिरलेली असेल असं धरून चाला.

सौजन्याची एक गोष्ट: रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नका. गोळी चढताना स्लाइडचा वेग मरतो. रिकाम्यावर तो सगळा मार घोडा आणि सीअरच्या कडांना बसतो. दुसऱ्याच्या पिस्तुलावर असं केलंत तर काउंटरमागचा चेहरा लगेच बदलतो.

मॅगझीन

या प्रकरणावर मी अडून बसणार आहे. माझं पिस्तूल पहिल्या दोन महिन्यांत दर तिसऱ्या-चौथ्या मॅगझीनला अडायचं. गोळीचं नाक उतारावर आपटून तिरकं अडकायचं. मी गोळ्या बदलल्या, स्प्रिंग बदलली, एकाने सांगितलं म्हणून उतार घासून घ्यायलाही निघालो होतो. मग रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी तीनही मॅगझिनं हातात घेतली, ओठ नखाने चाचपले, एक बाजूला काढलं आणि म्हणाले, “हे फेकून द्या.” त्या मॅगझीनचा एक ओठ किंचित बाहेर वाकलेला होता. डोळ्याला दिसत नव्हता. ते काढलं आणि पिस्तूल चालू लागलं.

तेव्हा मॅगझिनं निदान चार घ्या, नावाजलेल्या बनावटीची, आणि प्रत्येकाच्या बुडावर रंगाने १, २, ३, ४ असे आकडे टाका. अडलं की आकडा वहीत लिहा. तीनदा तोच आकडा आला तर रोग सापडला.

ओठांचे साधारण तीन प्रकार मिळतात. जुन्या लष्करी पद्धतीचे पुढे हळूहळू रुंदावणारे, गोल तोंडाच्या गोळीसाठी. समांतर ओठांचे, गोळी एकदम सोडणारे, सपाट तोंडाच्या आखूड गोळीसाठी. आणि दोन्हींच्या मधले. सरावाला गोल तोंडाची गोळी वापरणार असाल तर पहिला किंवा मधला प्रकार घ्या. .४५ मध्ये ७ गोळ्यांचं मॅगझीन मूळचं. ८ चं चांगलं मिळतं, पण त्याच लांबीच्या नळकांड्यात आठवी गोळी कोंबली की स्प्रिंगवर ताण येतो. मी सातचीच वापरतो.

पहिल्या रात्री: खोलणं, तेल, जोडणं

नवं पिस्तूल दुकानातून येतं ते गंज धरू नये म्हणून लावलेल्या चिकट तेलासकट. ते पुसून योग्य तेल लावल्याशिवाय रेंजवर नेऊ नका. टेबलावर जुनं फडकं पसरा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, चष्मा घाला. चष्मा गंमत म्हणून सांगत नाही. नळीखालची टोपी दाबून बुशिंग (नळीच्या तोंडाभोवतीचं कडं) पाव फेरी वळवलं की आतली रिकॉइल स्प्रिंग सुटते, आणि अंगठा घसरला तर ती टोपी छताला लागते.

क्रम असा. रिकामं असल्याची खात्री करा. टोपी दाबा, बुशिंग वळवा, टोपी अंगठ्याखाली धरून सावकाश बाहेर येऊ द्या. मग स्लाइड मागे आणा, तिच्या खालच्या कडेवरची छोटी अर्धगोल खाच स्लाइड स्टॉपच्या टोकासमोर येईपर्यंत. उजव्या बाजूने डोकावणारी पिन बोटाने दाबा, स्लाइड स्टॉप डावीकडे बाहेर येईल. आता स्लाइड पुढे काढून घ्या. पुढे पूर्ण लांबीची गाइड रॉड असलेल्या पिस्तुलांत क्रम थोडा बदलतो, पुस्तिका वाचा.

स्लाइड हातात आहेच तर एक्स्ट्रॅक्टर बघून घ्या. रिकामी पुंगळी किंवा डमी राउंड (न उडणारी खोटी गोळी) स्लाइडच्या तोंडावर खालून वर सरकवा, आकड्याखाली. हळूच हलवल्यावर ती टिकायला हवी, जोराने झटकल्यावर पडायला हवी. लगेच पडली तर ताण कमी, बोटाने ओढूनही हलत नसेल तर जास्त. दोन्ही वेळा पिस्तूल अडतं.

इथेच एक सवय कायमची लावून घ्या: चेंबरमध्ये हाताने गोळी टाकून वर स्लाइड सोडायची नाही. या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यात पुंगळीची कड खालून सरकत येणं अपेक्षित आहे. पुढे बसलेल्या गोळीवर स्लाइड आपटली की आकड्याला जबरदस्तीने कडेवरून उडी मारावी लागते. असं वारंवार झालं की त्याचा ताण जातो, कधी टोकही तुटतं. गोळी नेहमी मॅगझीनमधूनच चढवा.

तेल कुठे: स्लाइडच्या दोन्ही खोबणी, नळीची पाठ आणि कंगोरे, नळीचं पुढचं टोक बुशिंगमध्ये फिरतं तिथे, खालची कडी, आणि डिस्कनेक्टरच्या डोक्यावर एक थेंब. या पिस्तुलाला कोरडं आवडत नाही. फायरिंग पिनच्या भोकात मात्र तेल ओतू नका, तिथे कचरा साचतो.

जोडताना तो ओरखडा. कडीचं भोक आणि फ्रेमचं भोक एका रेषेत आणून पिन घातली की स्लाइड स्टॉपची मागची कड एका छोट्या स्प्रिंगच्या टोकाला अडते. माणूस जोर लावतो, ते खालून वर सरकवतो आणि फ्रेमवर चंद्रकोर उमटते. तसं करू नका. स्लाइड स्टॉप खाचेसमोर, जवळजवळ आडवा धरा, ते स्प्रिंगचं टोक टूथपिकने मागे दाबा आणि सरळ आत ढकला. पहिल्या काही वेळा खाली चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवायला लाज वाटू देऊ नका. मी लावायला हवा होता.

त्यानंतर आठवडाभर रोज दहा मिनिटं ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायचा सराव: गोळ्या दुसऱ्या खोलीत, चेंबर दोनदा बघितलेला, समोर भक्कम भिंत. माशीवर नजर ठेवून चाप असा ओढा की घोडा पडताना माशी हलणार नाही. माशीवर आडवं नाणं ठेवून ते पडू न देता ओढता आलं की रेंजवर जायला तयार आहात.

रेंजवर

नियम चार, आणि यांच्यात तडजोड नाही. प्रत्येक पिस्तूल भरलेलं समजा. जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी नको. साइट्स निशाण्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर. निशाण्याच्या मागे काय आहे ते माहीत हवं. कानांवर चांगलं संरक्षण हवं, कारण पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. बंद रेंजवर कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. डोळ्यांना चष्मा, गळाबंद शर्ट. गरम पुंगळी शर्टात शिरली की माणूस भरलेल्या पिस्तुलासकट नाचायला लागतो.

पकड: उजवा हात बीव्हरटेलखाली जाईल तितका वर. अंगठा सेफ्टीच्या वर ठेवा, खाली नाही. खाली ठेवलात तर झटक्यात तो सेफ्टी वर ढकलतो आणि पिस्तूल मध्येच मुकं होतं. मात्र अंगठा वर घेतला की काहींच्या तळव्याला खळगा पडतो आणि मागची सेफ्टी पूर्ण दबत नाही. तसं होत असेल तर तिच्या खाली उंचवटा असलेली सेफ्टी बसवून मिळते. डावा हात बोटांवरून लपेटून घट्ट. जोर साठ टक्के डाव्याचा, चाळीस उजव्याचा, असा अंदाज ठेवा. मनगटं ताठ. सैल मनगटात स्लाइडला टेकायला आधार मिळत नाही, ती अर्ध्यातून परतते आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते.

निशाणा ५ ते ७ मीटरवर लावा. २५ वर नाही. पहिल्या मॅगझीनमध्ये एकच गोळी भरा. झाडा. स्लाइड मागे अडकली पाहिजे. मग दोन भरा. हे पिस्तुलाचं काम तपासण्यासाठी, आणि समजा आत काही बिघडलंच असेल तर सात गोळ्या एका दमात सुटू नयेत यासाठीही. दोन गोळ्यांची दोन-तीन मॅगझिनं ठीक गेली की पूर्ण भरा.

साइट्स बघताना नजर माशीवर. निशाणा धूसर दिसला पाहिजे. चाप बोटाच्या पहिल्या पेराच्या मध्याने, सरळ मागे. गोळी सुटल्यावर चाप लगेच सोडू नका. माशी परत खाचेत आली की मग ‘कट्’ होईपर्यंतच पुढे जाऊ द्या आणि तिथूनच पुढची गोळी. या पिस्तुलात तो परतीचा प्रवास फार छोटा असतो.

उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली-डावीकडे जाऊ लागल्या तर साइट्सना हात लावू नका. तुम्ही धडाका होण्याआधीच पिस्तूल खाली दाबताय. औषध जुनं आणि हमखास: सोबत्याला मॅगझीन भरायला द्या आणि मध्येच एक-दोन डमी राउंड घालायला सांगा. डमीवर घोडा पडेल, धडाका होणार नाही, आणि तुमचं पिस्तूल तरी खाली झुकलेलं तुम्हालाच दिसेल. मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सोबत्याकडे बघायचं टाळलं होतं.

दोन फेऱ्यांच्या मध्ये पिस्तूल खाली ठेवायचं असेल तर सगळं काढून: मॅगझीन बाहेर, स्लाइड मागे, चेंबर बघितलेला. भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने घोडा हळूच उतरवायचा प्रयोग कधीही करू नका. घामेजलेल्या अंगठ्याखालून घोडा निसटायला निमिष पुरतं.

अडलं तर

आवाज कमी, फुस्स असा आला आणि झटका जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढची झाडलीत तर नळी फुटेल. रिकामं करा, खोला, नळीतून आरपार बघा. याउलट घोडा पडून काहीच झालं नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग गोळी बाहेर काढा.

बाकीच्या अडचणींचं मूळ शोधायचा माझा क्रम ठरलेला आहे: मॅगझीन, गोळी, तेल, पकड, एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंग. याच क्रमाने, एका वेळी एकच बदल. शेवटची गोळी सुटूनही स्लाइड मागे राहत नसेल तर आधी मॅगझीन, मग स्वतःचा अंगठा बघा; तो स्लाइड स्टॉपवर टेकलेला असतो. पुंगळ्या कपाळावर येत असतील तर एक्स्ट्रॅक्टर. स्लाइड पूर्ण पुढे न जाता केसभर अलीकडे थांबत असेल तर बहुधा कोरडं पडलंय किंवा आकड्याचा ताण जास्त आहे.

पहिल्या ५०० गोळ्या होईपर्यंत पिस्तुलात काहीही बदलू नका. हलका घोडा नको, लांब चाप नको, सुंदर लाकडी पट्ट्या मात्र चालतील. नवं पिस्तूल या काळात थोडं अडतं आणि मग घासून बसतं. ५०० नंतरही अडत असेल आणि मॅगझिनं निर्दोष असतील, तर वहीसकट जाणकाराकडे जा. वही बघितली की त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

रेंजवरून आल्यावर आधी हात आणि तोंड साबणाने, गार पाण्याने. शिशाची धूळ बोटांवर असते आणि मग तीच जेवणात जाते. त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवायला टाका.

आणि स्प्रिंग. पाच इंची .४५ ला नेहमीची रिकॉइल स्प्रिंग १६ पौंडांची, कमांडरला १८ ची. दोन ते तीन हजार गोळ्यांनी बदलतात. स्वस्त वस्तू आहे, दोन जास्तीच्या आणून ठेवा. नवी टाकताना जुनी तिच्या शेजारी उभी करून बघा. बोटाच्या एका पेराएवढी आखूड झालेली असेल तर उशीर झालाय, पुढची तारीख वहीत अलीकडे ओढा.